प्रभात, पगारी नट आणि स्टुडिओचं फाटक

तिकीटबारी

जुन्या सिनेमांचा कुठलाही धागा उघडा, दहाव्या प्रतिसादाच्या आत कुणीतरी लिहितंच : 'तेव्हाची माणसं कलेसाठी जगायची, आता सगळा पैशाचा बाजार.' मला हे कधीच पटलेलं नाही. 'प्रभात' फिल्म कंपनीची माणसंही पैशासाठीच काम करत होती. फक्त तो पैसा महिन्याच्या महिन्याला पगार म्हणून हातात पडायचा, आणि माझ्या मते त्या चित्रपटांच्या दर्जाचं निम्मं श्रेय या पगाराला आहे. उरलेलं निम्मं कुणाला, त्यावर भांडायला हा धागा.

थोडी उजळणी. १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. भागीदार पाच : व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि भांडवल घालणारे सराफ सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. कामाची वाटणी सरळ होती. दिग्दर्शन शांतारामबापूंकडे, ध्वनी दामल्यांकडे, कलादिग्दर्शन फत्तेलालांकडे, कॅमेरा धायबरांकडे. म्हणजे कारागीरच मालक. १९३२ ला 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट, १९३३ ला पुण्यात मुक्काम, आणि पुढची आठ-नऊ वर्षं असा काही झपाटा की आजही दम लागतो : अमृतमंथन, धर्मात्मा, अमरज्योती, संत तुकाराम, कुंकू, माणूस, संत ज्ञानेश्वर, शेजारी.

पुण्याच्या त्या आवारात चित्रीकरणाचे मजले, रसायनशाळा, संकलन, कपडेपट, सुतारखाता, सगळं एका कुंपणात. नट, नटी, संगीतकार, गीतकार, रंगारी, सगळे नोकरीत. एक चित्रपट संपला की माणसं पांगत नव्हती, दुसऱ्या दिवशी पुढच्याची तयारी. शांताराम आठवले कंपनीतले कवी, म्हणून तुकारामासाठी त्यांनी लिहिलेला 'आधी बीज एकले' इतका मुरलेला उतरला की लोक तो तुकोबांचाच अभंग समजून गात राहिले. केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव हे दोघे संगीतकार एकाच पगारपत्रकावर. आज या दोन नावांना एकत्र बांधून ठेवायला निर्माता घर गहाण टाकेल.

आणि 'संत तुकाराम' दिग्दर्शित कुणी केला? दामले आणि फत्तेलाल यांनी. एक ध्वनीचा माणूस, एक नेपथ्याचा. नायक विष्णुपंत पागनीस, रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले. जिजाई झालेली गौरी ही कंपनीतच किरकोळ कामं करणारी बाई. बाजारातल्या एकाही नावाशिवाय केलेला हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल थिएटरला वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. मोकळ्या बाजारात असली पात्रनिवड कुणी करू दिली असती? जिजाई देवाला शिव्या घालते ते प्रसंग पुन्हा बघा. ती बाई नटी वाटतच नाही, शेजारची कुणीतरी वाटते.

पण याच पद्धतीने कलावंतांची आयुष्यं बांधली की बांधून टाकली, हे मला ठरवता येत नाही. बोला.

करवीरी

उत्तम धागा. पण एक गोष्ट सुरुवातीलाच : हे सगळं हॉलिवूडकडून आलं असं जे पुस्तकी लोक लिहितात ते आम्हा कोल्हापूरकरांना मान्य नाही. 'स्टुडिओ सिस्टिम' हे नाव तिकडचं असेल, व्यवहार आपल्या नाटक मंडळींचा आहे. नाटक कंपनीत नटाला काय मिळायचं? महिन्याचा पगार, कंपनीच्या बिऱ्हाडात राहणं, कंपनीच्या पंगतीत जेवण, मालकाचा शब्द अखेरचा. कंपनी फुटली की चार जण बाहेर पडून नवी कंपनी काढणार. शांतारामबापू स्वतः पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत होते. त्यांनी हे आतून पाहिलेलं.

दुसरा धागा बाबूराव पेंटरांचा. त्यांची कंपनी म्हणजे कारखानाच होता. परदेशी कॅमेरा परवडेना तर दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा घडवला. पडदे रंगवणारा माणूस प्रकाशयोजना बघणार, तोच भित्तिपत्रकही काढणार, गरज पडली तर मिशी लावून समोर उभा राहणार. त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट पाहून टिळकांनी 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं ते या कारखान्याला. प्रभातचे चारही कारागीर या भट्टीतून निघाले. अमुक माझं काम नाही, असं म्हणायची सोयच नव्हती तिथे.

तेव्हा पगाराइतकंच श्रेय या घडणीला द्या. पगार तर रेल्वेतही मिळतो.

तिकीटबारी

@करवीरी, 'पगार रेल्वेतही मिळतो' हे आवडलं. पण घडण टिकायला माणूस जागेवर टिकावा लागतो, आणि तो पगाराने टिकतो. म्हणजे आपण एकाच बाजूला आहोत.

बटाटावडा

वाचतोय. धागा वाचनखुणेत टाकला.

प्राजक्ता_ह

मी दुसऱ्या बाजूला आहे. या धाग्यात आतापर्यंत दहा-बारा पुरुषांची नावं आली, बाईचं एक. म्हणून शांता आपटे.

१९३४ ला 'अमृतमंथन'पासून ती प्रभातमध्ये. १९३७ ला 'कुंकू'. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्या लग्नाला लग्न मानायलाच नकार देते, आणि हा नकार ती रडून देत नाही, ताठ मानेने देते. त्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज, एवढंच. अशा उघड्या शांततेत अभिनय करायचा म्हणजे लपायला जागा नाही. शिवाय गाणीही तिचीच, तिच्याच गळ्यातली. एक तर चक्क इंग्रजी कविता.

आणि १९३९ च्या जुलैमध्ये हीच शांता आपटे त्याच स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली. वाद पगाराचा आणि कराराचा. देशातली मोठी नटी, जिच्या चित्रपटांसाठी रांगा लागतात, ती आपल्या मालकाच्या दारात गांधीजींचं हत्यार घेऊन बसते! कंपनी इतकी कुटुंबासारखी होती तर घरातल्या मुलीला दाराबाहेर का बसावं लागलं? पुढच्याच वर्षी तिने 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं. नाव वाचून पोरींना दिलेला सल्ला वाटतो, पण तिने त्यात धंद्याचं अर्थकारण मांडलंय, मालक कुठे कमावतो आणि काम करणारा कुठे नागवला जातो ते. त्या काळात एका नटीने हे लिहावं, याचं आपल्याकडे कुणाला काही वाटत नाही. तिची गाणी तेवढी आठवतात.

करारात बांधलेली नटी दुसऱ्या कंपनीत काम करू शकत नाही, भूमिका नाकारू शकत नाही, आणि कंपनीने नुसतं बसवून ठेवलं तर बसून राहते. नटीची उमेदीची वर्षं मोजकी. कंपनी त्यातली दोन वर्षं सहज खाऊन टाकू शकते.

शशीकाका

प्राजक्ता, तुझा राग समजतो, पण दुसऱ्या बाजूनेही बघ. 'माणूस' मधली शांता हुबळीकर घे. वेश्येची भूमिका, नायिका म्हणून! आणि ते एक गाणं, कडव्याकडव्याला भाषा बदलणारं. त्या एका चित्रपटाने ती देशभर पोचली. कंपनी सोडल्यावर काय झालं? पुन्हा त्या तोलाची भूमिका मिळाली नाही. उतारवयात वृद्धाश्रमात राहावं लागलं. मोकळा बाजार कलावंताला सोडवतो हे खरं, आणि वाऱ्यावर सोडतो हेही खरं.

कंपनीत भूमिका माणूस पाहून बेतल्या जायच्या. 'शेजारी' चं उदाहरण माझं फार लाडकं. मराठीत पाटील केशवराव दाते, मिर्झा गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी' त जागीरदार मिर्झाच राहिले, आणि हिंदू ठाकूर केला मजहर खान यांनी. म्हणजे हिंदूने मुसलमान करायचा, मुसलमानाने हिंदू. १९४१ साल, बाहेर वातावरण कसं होतं ते सांगायला नको. ही पात्रनिवड म्हणजेच त्या चित्रपटाचं म्हणणं आहे. आणि एकाच सेटवर, त्याच प्रकाशात, मराठी शॉट झाला की लगेच हिंदी. ही दुहेरी कसरत पगारी संचाशिवाय अशक्य. रोजंदारीवर करायला गेलात तर 'शेजारी' च्या शेवटी फुटणारं ते धरण फुटायच्या आधी निर्माता फुटेल.

प्राजक्ता_ह

शशीकाका, वृद्धाश्रमाचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. इतकी वर्षं पगारी ठेवलेल्या माणसांसाठी म्हातारपणाची कुठली सोय या कंपन्यांनी केली? रेल्वेत निदान पेन्शन असतं. (करवीरी, उपमा उसनी घेतली.)

आणि सुटून गेलेल्यांचंही बघा. दुर्गाबाई खोटे! 'अयोध्येचा राजा' ची तारामती. त्यांनी स्वतःला एका कंपनीत कोंडून घेतलंच नाही. कोलकात्याला जाऊन न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा' त काम केलं, देवकी बोसांच्या 'सीता' त केलं, आणि पुन्हा प्रभातमध्ये येऊन 'अमरज्योती' त समुद्रावरच्या बंडखोर बाईची भूमिका केली. त्यांची कारकीर्द पाच दशकांच्या आसपास चालली. हे निव्वळ योगायोग म्हणायचं?

करवीरी

दुर्गाबाई लाडांच्या घरातल्या, शिकलेल्या. संसारात त्यांना हाल सोसावे लागले, पण करारावर सही करताना त्यांच्यासमोर बसलेला माणूस जरा सांभाळून बोलत असणार. शांता आपटेला तो मान कष्टाने मिळवावा लागला. दोघींची तुलना करताना हे विसरू नका.

न्यूजर्सीकर

इकडच्या पद्धतीशी थोडी तुलना, कारण करवीरींचा मुद्दा बरोबर आहे की दोन्ही गोष्टी एक नाहीत.

हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांचा खरा जोर चित्रपटगृहांच्या मालकीत होता. चित्रपट आपला, वितरण आपलं, थिएटरही आपलं. त्यामुळे फालतू चित्रपटही खपवता यायचा. नटांशी सात वर्षांचा करार, आणि त्यातही नटाने भूमिका नाकारली तर त्याला बिनपगारी बसवायचं आणि तेवढे दिवस कराराच्या शेवटी जोडायचे. म्हणजे सात वर्षं संपतच नाहीत. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड या नटीने वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओवर खटला भरला आणि जिंकली, तेव्हा ही युक्ती बंद झाली. १९४८ ला इकडच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंटच्या खटल्यात थिएटरांच्या मालकीवर घाव घातला आणि सगळा डोलारा खचायला लागला.

प्रभातकडे पुण्यात चालवायला एक थिएटर होतं, वितरणाचं जाळं बाबूराव पैंच्या फेमस पिक्चर्सकडे. पण देशभरातल्या थिएटरांवर ताबा कुठल्याच भारतीय स्टुडिओचा नव्हता. म्हणून आपल्याकडे हे मोडायला न्यायालय लागलंच नाही. रोख पैसा पुरला.

शशीकाका

अगदी बरोबर, आणि तो रोख पैसा आला युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात ठेकेदारी आणि साठेबाजीत ज्यांनी कमावलं त्यांना तो पैसा जिरवायला जागा हवी होती. सिनेमा आयता सापडला. हा नवा निर्माता स्टुडिओ बांधत बसत नाही. मजला भाड्याने घेतो, नामवंत नटाला टेबलाखालून घसघशीत रक्कम देतो, एक चित्रपट करतो, जमलं तर दुसरा. कंपनीत महिन्याला ठरावीक पगार घेणाऱ्या नटाला एका चित्रपटात काही वर्षांचा पगार दिसायला लागला. मग तो कशाला थांबेल? मीही थांबलो नसतो.

त्यात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आलं, चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली. शे-दोनशे माणसांना बारा महिने पगार देणाऱ्या कंपनीला काम थांबणं परवडत नाही. भाडोत्री निर्मात्याला परवडतं, त्याच्याकडे पगारपत्रकच नाही. फाळणीने लाहोरकडचा बाजार गेला तो वेगळाच. चित्रपट धंद्याची चौकशी करणाऱ्या स. का. पाटील समितीच्या १९५१ च्या अहवालात या सगळ्याचा पंचनामा आहे. नटांचे अवाच्या सवा आकडे, काळा पैसा, एका चित्रपटापुरते उगवणारे निर्माते, सगळं.

मालाड_पश्चिम

आमच्या मालाडची बाजू मांडायला कुणीच नाही म्हणून येतो. बॉम्बे टॉकीज, १९३४, हिमांशु राय आणि देविका राणी. ही मात्र रीतसर लिमिटेड कंपनी होती, भागधारक वगैरे. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योसेफ विर्शिंग जर्मन. १९३९ ला युद्ध लागल्याबरोबर इंग्रज सरकारने जर्मनांना स्थानबद्ध केलं, १९४० ला राय गेले. तरी कंपनी उभी राहिली, कारण तोवर इथली माणसं शिकून तयार होती.

पगारी पद्धतीचं सगळ्यात गमतीचं अपत्य म्हणजे अशोक कुमार. रसायनशाळेतला साहाय्यक. नायकाची जागा रिकामी झाली, रायसाहेबांनी पोराला ढकललं पुढे. त्याच वर्षी, १९३६ ला, 'अछूत कन्या'. संगीत सरस्वती देवींचं, खऱ्या खुर्शीद होमजी, पारशी घरातल्या. १९३६ ला स्त्री संगीतकार पगारावर! प्राजक्ताताई, हेही पद्धतीच्या खात्यात जमा करा. आपल्या लीला चिटणीस 'कंगन', 'बंधन', 'झूला' मधून देशभर झाल्या त्याही इथूनच.

आणि फुटण्याची रीत तीच. राय गेल्यावर दोन गट, १९४३ ला 'किस्मत' तुफान चालला असतानाच शशधर मुखर्जी आणि मंडळींनी बाहेर पडून फिल्मिस्तान काढली. करवीरी म्हणतात तशी नाटक कंपनीच.

संकलक_रात्रपाळी

वाचक होतो, राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी मालिकांचं संकलन करतो. आम्हाला दिवसाच्या हिशेबाने मानधन, आणि ते हातात पडतं नव्वद दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. एका निर्मात्याकडचे शेवटच्या महिन्याचे पैसे मालिका बंद झाली तशी बुडाले. नाव घेत नाही, पुन्हा तिथेच काम मागायचंय. मालिकेतल्या मुख्य नटांना मात्र करारात बांधतात, दुसरीकडे दिसायचं नाही म्हणून. म्हणजे प्रभातचं बंधन तेवढं उरलं, महिन्याचा पगार गेला. त्यामुळे कुणी 'पगारी गुलामी' म्हणालं की मला हसू येतं. द्या हो ती गुलामी, एक तारखेला.

प्राजक्ता_ह

@संकलक_रात्रपाळी, तुमचं पटलं. माझं भांडण पगाराशी नाहीच, फाटकाशी आहे.

आणि बाकी सगळ्यांसाठी आणखी एक नाव. १९४२ च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले, घरात मोठी मुलगी बारा वर्षांची. नट-दिग्दर्शक मास्टर विनायकांनी तिला आपल्या कंपनीत घेतलं. लता मंगेशकर. तिला अभिनय आवडत नव्हता, तोंडाला रंग लावणं आवडत नव्हतं, पण पगार होता आणि मागे चार भावंडं होती. विनायकांची कंपनी मुंबईला हलली तशी १९४५ ला ती मुंबईत आली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये विनायक गेले आणि तो पगार थांबला. मग ती पार्श्वगायनाकडे पूर्ण वेळ वळली. कंपनी टिकली असती तर पडद्यावर बहिणीबिहिणीच्या भूमिका करत किती वर्षं गेली असती कोण जाणे!

तिकीटबारी

@प्राजक्ता_ह, हे उदाहरण दोन्हीकडे लागू पडतं, म्हणून जास्त आवडलं. त्या पाच वर्षांत घर चाललं ते पगारावरच.

गुरुदत्तचंही तसंच. अल्मोड्याला उदय शंकरांकडे शिकून १९४४ च्या सुमारास प्रभातमध्ये तीन वर्षांच्या करारावर आला. नृत्यदिग्दर्शन कर, साहाय्यक हो, छोटी भूमिका कर, पडेल ते. तिथेच देव आनंद भेटला, ज्याचा पहिला चित्रपट 'हम एक हैं' प्रभातचा, १९४६ चा. धोब्याकडे सदरे बदलले आणि दोस्ती झाली ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १९५१ ची 'बाजी' त्या दोस्तीतून निघाली. म्हणजे मरायला टेकलेल्या कंपनीनेही जाता जाता दोन माणसं पुढच्या जमान्याला दिली. करार संपल्यावर गुरुदत्तला बराच काळ धड काम नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता शशीकाकांच्या युद्धाच्या मुद्द्यावर. बाजाराने प्रभातला मारलं हे मी अर्धंच मानतो. प्रभात आतून आधीच उसवत होती. धायबर आधीच बाहेर पडले. शांतारामबापू १९४२ ला गेले आणि परळला राजकमल काढली. तिथेही पगारी माणसं, तिथेही स्वतःचा स्टुडिओ, आणि ती उत्तम चालली, त्याच बाजारात! १९४५ ला दामले गेले. 'रामशास्त्री' (१९४४) च्या वेळीच दिग्दर्शकांची खांदेपालट होत होत शेवटी जागीरदारांनी भूमिकाही केली आणि चित्रपटही पुरा केला. चित्रपट देखणा झाला, पण एकाच चित्रपटाला इतके हात लागले म्हणजे घरात वडीलधारं कुणी उरलं नव्हतं. प्रभातचं 'सगळ्यांनी मिळून' हे चौघांच्या एकमेकांवरच्या भरवशावर उभं होतं. करारपत्रात भरवसा कसा लिहिणार?

करवीरी

आणि बाहेरचा मोठा नट या घरात कधी रुळलाच नाही, हेही पाहा. बालगंधर्वांबरोबर मोठी भागीदारी झाली, अनेक चित्रपट करायचे ठरले. 'धर्मात्मा' (१९३५) एकच झाला. नाव आधी 'महात्मा' होतं, सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, बदलावं लागलं. पण भागीदारी सेन्सॉरने मोडली नाही. रंगमंचावर प्रेक्षकांकडून 'वन्समोअर' घेणाऱ्या माणसाला तुकड्यातुकड्याने, समोर कुणी नसताना, एकनाथ रंगवायचा होता. आणि कंपनीत तर सगळ्यांना सारखी शिस्त.

अवांतर : लताबाईंचा विषय निघाला म्हणून. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा आमचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ पुढे लताबाईंनीच विकत घेतला. पगारी पोर स्टुडिओची मालकीण झाली. त्या जागेचं पुढे काय झालं यावर कोल्हापुरात तोंड उघडलं की मारामारी होते, तेव्हा थांबतो.

बटाटावडा

प्रश्न : आता त्या प्रभातच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे तीच ना? मग ती पद्धत मेली कुठे, पगाराऐवजी फी सुरू झाली इतकंच.

शशीकाका

तीच. पाटील समितीनेच चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था काढा म्हणून सुचवलं होतं, आणि १९६० ला ती निघाली प्रभातच्या जागेत. पूर्वी उमेदवारी करत शिकायचे ते आता अभ्यासक्रमाने. प्रभातचा जुना मजला अजून चित्रीकरणाला वापरतात.

आणि प्राजक्ता, शांता आपटेच्या पुस्तकाबद्दल तुझं सगळं मान्य, पण 'नागवला जातो' हे प्रभातला जसंच्या तसं लावू नकोस. तिच्या रागाचा रोख एकट्या प्रभातवर नव्हता, सगळ्या धंद्यावर होता.

प्राजक्ता_ह

काका, सगळ्या धंद्यावर होता, आणि बसली ती प्रभातच्या फाटकाशी. यावर आपलं जमणार नाही असं दिसतं. :)

मालाड_पश्चिम

दादरच्या रणजित स्टुडिओचं कुणी बोललंच नाही. चंदुलाल शहा, कापसाचा सट्टा, घोड्यांच्या शर्यती...

तिकीटबारी

रणजितसाठी वेगळा धागा काढा हो, तुम्हीच. इथे आणलंत तर घोडे या धाग्यावरूनच पळतील. सरस्वती देवींवर मात्र इथेच लिहा, थोडं सविस्तर.